विमानाचा कौल

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो आणि दर वेळी खोटी सांगितली. खरी सांगायचं टाळत राहिलो. आधी नोकरी होती, मग मुलींची लग्नं व्हायची होती, मग ज्यांच्यासमोर सांगायची ती माणसं एकेक करून गेली. कारणांची मला कधी टंचाई पडली नाही.

खोटी गोष्ट अशी. फार पूर्वी रत्नागिरीला मुंबईहून विमान येत असे. लोक बसायला भीत, म्हणून ग्रामदेवतेला कौल लावला. गुरव अडाणी. देवाने दिला डावा, म्हणजे नकार; गुरवाने वाचला उजवा, म्हणजे होकार. लोक बसले, विमान वाळूत नाक खुपसून पडलं आणि रत्नागिरीचं विमान कायमचं बंद झालं. मग मी जरा थांबून म्हणायचो, "त्याचा तरी काय दोष? स्वतःचा उजवा हात कोणता हे कळायला गुरवाला आधी पानावर बसावं लागत असे!" इथे हशा ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, सत्कारात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कुठेही.

गेल्या वर्षी वाचनालयाच्या स्मरणिकेत ही गोष्ट माझ्या छायाचित्रासह छापून आली. तोंडाने सांगितलेलं विरून जातं. छापलेलं राहतं. मी गेल्यावर हेच खरं धरलं जाणार. म्हणून आता लिहितो.

तीस सालानंतरचा तो काळ. मुंबईला जायचं म्हणजे आगबोट. ती बंदरापासून लांब उभी राहायची, पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं, दोरीच्या शिडीला लोंबकळत चढायचं आणि मग रात्रभर शेजाऱ्याच्या ट्रंकेवर ओकत मुंबई गाठायची. अशा गावात एका कंपनीने विमान आणायचं ठरवलं. कंपनीचं नाव घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, ती कधीच बुडाली. तिच्या कागदांवर दोन संस्थानिकांची नावं छापलेली होती आणि कागद इतका जाड होता की त्याचा पंखा करून वारा घेता येई. कंपनीत सर्वांत भरवशाची वस्तू तीच.

सड्यावरचा, म्हणजे गावावरच्या उघड्या पठारावरचा, कातळ सपाट करून तिथे उतरायची जागा केली. मधोमध चुन्याचं मोठं वर्तुळ काढलं, बांबूला वाऱ्याची पिशवी बांधली. एक गवताने शाकारलेली झोपडी उभारली, तिला 'विमानतळ' म्हणायचं. त्या झोपडीचा अधिकारी मी. इंटरला दोनदा आपटलेला, इंग्रजी बरी, अंगात कोट. गावच्या साप्ताहिकात मी अंधश्रद्धेविरुद्ध लेख लिहीत असे आणि त्यामुळे स्वतःला फार पुढचा समजत असे. तिकिटं फाडायची, उतारूंचं वजन करायचं आणि विमान आलं की हात हलवायचा, हे माझं काम.

विमान नवं कोरं होतं. दोन इंजिनं, एकावर एक असे दुहेरी पंख, आठ माणसांची बसायची सोय. पहिल्या दिवशी सगळं गाव सड्यावर लोटलं. हार घातले, नारळ फोडला, नगरपालिकेच्या अध्यक्षांनी भाषण केलं. ते संपेपर्यंत अर्धा गाव विमानाला हात लावून आला होता आणि सर्वत्र एकच कुजबुज पसरली होती.

"अहो, हे कापडाचं आहे!"

खरंच होतं ते. सांगाड्यावर ताणून बसवलेलं आणि रंग दिलेलं कापड. बाजारातल्या शिंप्याने पंखावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "शिलाय बरी हाय." कंपनीला रत्नागिरीत मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र, आणि जवळपास शेवटचंही.

वजनाचा प्रकार आणखी वेगळा. विमानात किती ओझं चढतंय ते मोजणं भाग होतं, म्हणून भाताच्या गोदामातला काटा आणला होता. एका बाजूला वजनं, दुसऱ्या बाजूला उतारू. पहिल्या उतारूंत गावचे एक नामांकित वकील होते. त्यांनी काट्यावर बसायलाच नकार दिला आणि स्वतःचं वजन तोंडी सांगितलं. कोर्टात सांगायचे तितपतच खरं. बायका तर चारचौघांत काट्यात बसायला तयारच होईनात. मग मी अंदाजाने आकडे लिहू लागलो. वैमानिक ते वाचून नुसता हसायचा.

एवढंही निभावलं असतं. पण डाव्या बाजूचं इंजिन तापलं की ठसकायचं. गार असताना गोड चालायचं. मुंबईहून येऊन तापलेलं असलं आणि बंद केलं, की पुन्हा सुरू व्हायचं नाव घेत नसे. कंपनीने सड्यावर ठेवलेला मेकॅनिक एका आठवड्यात म्हणायचा ठिणगीचं यंत्र बिघडलंय, दुसऱ्या आठवड्यात म्हणायचा पेट्रोलात पाणी आहे, तिसऱ्यात खाऱ्या वाऱ्याला शिव्या द्यायचा. मुंबईला कळवलं की उत्तर यायचं: यंत्र नवीन आहे, काळजीचं कारण नाही. नवीन आहे हाच त्यांचा सर्व रोगांवरचा काढा.

मग तोड काढली. विमान उतरलं की डावं इंजिन बंदच करायचं नाही. ते घरघरत ठेवून, लाल धुळीच्या लोटात, धोतरं आणि पदर सावरत उतारूंनी चढायचं. कुणी विचारलं तर मी सांगायचो, "आपला वेळ वाचावा म्हणून कंपनीने ही खास सोय केली आहे." हे सांगताना मला लाज वाटली नाही. उलट वाक्य छान जमलं असं वाटलं.

एका दुपारी ते आपणहून बंद पडलं. सहा माणसं आत बसलेली, वर एप्रिलचं ऊन, आजूबाजूला तापलेला कातळ. मेकॅनिक इंजिनावर चढून घाम गाळतोय आणि मी खिडकीतून कोकमाचं सरबत आत देतोय.

"काय झालंय हो?" आतून एका व्यापाऱ्याने विचारलं.

"काही नाही. इंजिन जरा विश्रांती घेतंय."

"वर गेल्यावर घेतलंन विश्रांती तर?"

मी सरबताचा आणखी एक पेला आत सरकवला. सहाही जण उतरले आणि चालत गावात गेले. संध्याकाळपर्यंत 'विश्रांती' हा शब्द रत्नागिरीभर झाला. मी बाजारात दिसलो की पोरं घरघर करून एकदम गप्प व्हायची आणि रस्त्यात आडवी पडायची. नंतरच्या फेऱ्यांना विमान रिकामं आलं आणि रिकामं गेलं.

तेव्हा कंपनीचे मॅनेजर स्वतः आले. आगबोटीने आले. ते नेहमी आगबोटीनेच येत. सामान फार असतं असं कारण सांगत. त्यांच्याबरोबर एक तज्ज्ञ होते. वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठेवलं. त्यांनी फळ्यावर पंख काढला, वरून वारा, खालून वारा असे बाण काढले आणि हे यंत्र पडणं शास्त्रदृष्ट्या अशक्य आहे असं सांगितलं. शेवटी वकीलसाहेबांनी उभं राहून विचारलं, "आपण बोटीनं कसे आलांत?" व्याख्यान तिथेच आटोपलं.

त्या रात्री वकिलांच्याच ओटीवर आम्ही जेवलो. मॅनेजर वैतागले होते. "मग तुमच्या लोकांचा विश्वास तरी कशावर आहे?"

"कौलावर," वकील म्हणाले. "विहीर खणायची, मुलगी द्यायची, पोराला मुंबईस धाडायचं, सगळं देवाला विचारून. तुम्ही विचारलंत का? नाही. मग कसे बसतील?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे ग्रामदेवतेच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वारा, ओल, कळीचं वजन, यांवर सगळा खेळ. यावर मी साप्ताहिकात खरमरीत लेख लिहिला होता. आणि आता मीच टाळी वाजवून म्हणालो, "उत्तम! देवालाच आपला एजंट करू."

मॅनेजर हसले. वकील हसले नाहीत. त्यांचा कौलावर खरोखर विश्वास होता. हे मी लक्षात ठेवायला हवं होतं.

गुरव तेव्हा पन्नाशीचा असेल, माझ्या वडिलांच्या वयाचा. तरी त्या काळच्या रीतीने मी त्याला अरे-तुरे करत असे आणि तो मला 'भाऊ' म्हणे. कौल घेण्याचा मान त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्या मानावरच त्याचं गावातलं स्थान आणि त्याचं पोट. मी निरोप दिला तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी सड्यावर हजर.

"तू कशाला आलास?"

"इमान बगायला. न बगितलेल्या वस्तूचं देवाला काय इचारू?"

मेकॅनिकने डावं इंजिन उघडून ठेवलं होतं. गुरव त्याच्याभोवती सावकाश फिरला. हात मागे बांधलेले.

"ह्याला काय झालंय?"

"सर्दी," मी म्हणालो.

"म्हंजे बिघाडलंय?"

"अरे, नवीन आहे ते."

"नवीन हाय म्हनूनच इचारतो, भाऊ. जुनं आसतं तर काय नव्हतं. जुन्याची खोड म्हायती आसते."

मी त्याला पिटाळून लावलं.

कौलाच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. सभामंडप भरलेला, बाहेर अंगणात माणसं, ढोल-ताशेवाले तयार. मॅनेजर खुर्चीवर. प्रश्न कंपनीचा, म्हणून विचारणारा मी. आणि विचारणाऱ्याने गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, गुरवाला खेटून बसायचं असा रिवाज. गुरवाने सोवळं नेसून कळ्या लावल्या आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! मुंबैची कंपनी तुज्या दारात इमान घेऊन आली हाय! वर वारा, खाली समिंदर, मधी तुजी लेकरं! ती सुखानं जातील आनि सुखानं येतील, आसं आसंल तर उजवा दे! त्या यंत्रात काय वाकडं आसंल तर डावा दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ गरजलं.

मग शांतता. समईची वात, ओल्या दगडाचा वास, आणि कळ्या. बराच वेळ दोन्ही चिकटून राहिल्या. माझा गुडघा दुखू लागला.

डावी पडली.

अगदी स्वच्छ पडली. उजवी जागची हललीसुद्धा नाही. मागच्या लोकांना गुरवाची पाठ आणि माझा कोट यांपलीकडे काही दिसत नव्हतं. आता आमच्याकडची रीत अशी की गुरव पहिल्यांदा हळूच विचारणाऱ्याला सांगतो, कारण कौल त्याचा. आणि मग उठून सर्वांना मोठ्याने सांगतो. गुरव माझ्याकडे वळला. "डावा, भाऊ," तो पुटपुटला, आणि उठण्यासाठी त्याने जमिनीला हात टेकला.

मी त्याच्याआधी उठलो. मंडपाकडे तोंड करून दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "उजवा! देवाने उजवा दिला!"

ढोल सुरू झाले. गुलाल उधळला. गुरव उभा राहिला, त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं, पण ढोलापुढे त्याचा आवाज मलाही ऐकू आला नाही. ढोल थांबेपर्यंत वकीलसाहेब नारळ फोडून आत येत होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

गर्दी ओसरल्यावर गुरवाने मला देवळामागे गाठलं.

"भाऊ, काय केलाव ह्ये?"

"अरे, इंजिनातलं देवाला काय कळतंय?"

"नसंल कळत," तो म्हणाला. "पन मला डावा दिसला. आनि तुमालाबी दिसला."

"मग जा, सांग सगळ्यांना. भर देवळात मला खोटा पाड."

देवासमोर भांडण नको म्हणून, की माझ्या कोटाचा धाक म्हणून, की वकिलांचे भरलेले डोळे पाहून, कोण जाणे, तो तसाच निघून गेला. मी जिंकलो असं मला वाटलं. किती हुशारीची गोष्ट केली हे मी त्याच संध्याकाळी मॅनेजरना सांगितलं नाही, एवढाच काय तो शहाणपणा.

विमान भरून जाऊ लागलं. कालपर्यंत रस्त्यात आडवी पडणारी पोरं आता तिकिटांना रांग लावणाऱ्या बापांची बोटं धरून येत. जो तो मला सांगे, "मी पहिल्यापासून म्हणतच होतो." वकील या वेळी सपत्नीक मुंबईला जाऊन आले आणि महिनाभर ढगांविषयी बोलत राहिले. इंजिनाच्या ठसक्याचं कुणी नावही काढेना. ते तसंच ठसकत होतं. फरक एवढाच की आता लोक त्या आवाजाला हात जोडत.

एके दिवशी वकिलांनी आपल्या आईला आणलं. डोळ्यांच्या उपचारासाठी मुंबईला न्यायची होती. सत्तरीपुढची, नऊवारी, कपाळ मोकळं, अंगाने चिमणीएवढी. काट्यात तिला मुलाने उचलून ठेवलं तेव्हा ती खुदकन हसली.

"आजी, भीती नाही ना वाटत?" मी विचारलं.

"देवानं हो म्हटलंन ना? मग कसली भीती? तुम्हीच होतांत ना उंबऱ्याशी? मग बसत्ये मी."

डावं इंजिन तेव्हा घरघरत होतं. मी तिचा हात धरून तिला शिडीवरून वर चढवलं.

गुहागरच्या पुढे ते इंजिन बंद पडलं. दुसऱ्या इंजिनावर तेवढं ओझं पेलेना. ओझ्याचे आकडे मी कसे लिहीत होतो ते सांगितलंच आहे. वैमानिक चांगला होता. त्याने माघारी वळून गुहागरच्या लांब किनाऱ्यावर, ओहोटीच्या ओल्या वाळूत विमान उतरवलं. चाकं रुतली, शेपूट वर गेली आणि नाक वाळूत. कुणी मेलं नाही. सगळ्यांना खरचटलं, वकिलांचे दोन दात गेले आणि म्हातारीच्या कमरेचं हाड मोडलं. नारळाच्या वाड्यांतून धावत आलेल्या लोकांनी तिला एका दारावर घालून नेलं. त्यानंतर ती कधी उभी राहिली नाही.

कंपनीने पत्रक काढलं. जाड कागदावर. प्रतिकूल हवामानामुळे विमान किनाऱ्यावर सुखरूप उतरवण्यात आलं, असं त्यात लिहिलं होतं. त्या दिवशी आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. पुढे 'पावसाळ्यामुळे तात्पुरती बंद' अशी पाटी झोपडीला लावायला मला सांगितलं. पावसाळा संपला, पाटी राहिली.

गावाने मात्र कंपनीला एका शब्दाने दोष दिला नाही. मॅनेजर बोटीने आले होते, बोटीने गेले. माझ्याकडेही कुणी बोट दाखवलं नाही. सगळे गुरवावर तुटून पडले. त्याने उजवा सांगितला म्हणून आम्ही बसलो, ही प्रत्येकाची तक्रार. वकिलांनी देवळात बैठक बोलावली.

गुरव उभा राहून म्हणाला, "मी डावा सांगितला हुता. उजवा भाऊ वरडले."

"मग तेव्हाच का नाही बोललास?" वकिलांनी विचारलं. दात गेल्यामुळे त्यांचे शब्द फुसफुसत होते. कुणाला हसू आलं नाही.

"ढोल वाजत हुते."

"ढोल काय महिनाभर वाजत होते?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हीच ती वेळ. एक शब्द पुरेसा होता. मी कोटाचं बटण लावलं आणि म्हणालो, "गुरवाने मला जे सांगितलं तेच मी मोठ्याने सांगितलं."

"आणि ऐका," वकील मंडळींना म्हणाले, "हा माणूस देव मानत नाही, साप्ताहिकात तसं लिहितो. कौल डावा पडला काय नि उजवा पडला काय, याला काय त्याचं? हा कशाला खोटं बोलेल?"

माझ्या नास्तिकपणाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो तेवढाच.

गुरवाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मी डावा सांगितला. जास्त काय सांगू?" आणि खाली बसला. कौलाचा मान त्याच्याकडून काढून त्याच्या चुलतभावाला दिला. तो चुलतभाऊ व्यवहारी निघाला. त्याच्या हातून देव पुढे सगळ्यांना सगळ्याच बाबतींत उजवा देऊ लागला आणि गावाला तो फार पसंत पडला. आमचा गुरव बायकोला घेऊन हेदवीजवळ तिच्या भावाकडे राहायला गेला.

मला शाळेत नोकरी मिळाली. कुणी विमानाचं विचारायच्या आत मीच ती गोष्ट विनोदी करून सांगू लागलो. पानावर बसायचं वाक्य असंच कधीतरी सुचलं. इतका हशा पिकला की ते कायमचं राहिलं.

तीन-चार वर्षांनी बायकोने हेदवीच्या गणपतीला काही बोललेलं होतं ते फेडायला आम्ही गेलो. बायकोला देवळात बसवून मी गुरवाचं घर शोधत गेलो. काय बोलायचं ते मनाशी पक्कं केलं होतं. बैलगाडीत वाटभर ते वाक्य घोकत होतो.

तो मेहुण्याच्या ओटीवर पत्रावळी लावत बसला होता. भोवती मेहुणा, दोन शेजारी, मेहुण्याची मुलं. मला पाहून तो लगबगीने उठला. "भाऊ! या, या! आरं, शहाळं काढा कुनीतरी!" जणू मी त्याच्या घरी नेहमी येणारा. दारात त्याची बायको येऊन उभी राहिली. तिने 'या' म्हटलं नाही.

शहाळं आलं. मी ते प्यायलो. घसा मोकळा करून बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊ, तुमची ती इमानाची गोष्ट म्हनं लय मजेची हाय. हितवर आली. पन तुमच्या तोंडून आमी नाय ऐकली."

"आगो, ऱ्हाऊ दे," गुरव म्हणाला.

"का ऱ्हाऊ दे? भाऊ येवढ्या लांब आले. पोरं बसलीत. सांगा की, भाऊ."

ती माझ्याकडे सरळ बघत होती. तिने मला दार उघडून दिलं होतं. त्यातून खरं बोलत बाहेर पडता आलं असतं. मुलं सरसावून बसली. शेजाऱ्यांनी विड्या विझवल्या. आणि मी गोष्ट सांगितली. खोटी. सगळी. शिंप्याची शिलाई, काट्यावरचे वकील, विश्रांती घेणारं इंजिन. माणसं हसू लागली तसा मला चेव चढला. कौलापर्यंत आलो, थांबायचं होतं तिथे थांबलो, आणि उजव्या हाताचं ते वाक्यही म्हणून टाकलं.

ओटी हशाने दणाणली. मुलं एकमेकांवर पडली. गुरवही हसला. खाली मान घालून हसला, आणि हातातल्या पानाला काडी टोचत राहिला. बायको हसली नाही. तिने माझ्या पुढ्यातलं रिकामं शहाळं उचललं आणि परसात नेऊन टाकलं. पडल्याचा आवाज ऐकू आला.

निघालो तेव्हा गुरव मला पोचवायला वाटेपर्यंत आला. दोघेच होतो.

"भाऊ, येक इचारू? त्या म्हातारीची कंबर बरी झाली का?"

"नाही," मी म्हणालो. "अंथरुणातच होती. गेल्या साली वारली."

तो थांबला. त्याने हात जोडले, मला नव्हे, कुठेतरी वर. मग म्हणाला, "जपून जा. पुढं वाट खराब हाय."

मी "बरं" म्हणालो आणि गेलो.

त्यानंतर तो किती वर्षं जगला, मला ठाऊक नाही. कधी चौकशी केली नाही. जिवंत आहे असं कळलं असतं तर पुन्हा जावं लागलं असतं. बैलगाडीत घोकलेलं वाक्य फार मोठं नव्हतं. त्याला मी जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं, ते त्या वाक्यात पहिल्यांदा करणार होतो. ते असं होतं: गुरवबुवा, तुम्ही डावा सांगितला होतात. उजवा मी ओरडलो. मला क्षमा करा.